बेंजामिन फ्रँकलिनची वंशावळ कशी शोधायची? पहिल्यांदाच शोधणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी कोणाचं घराणं शोधायला घ्यावं, असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून बेंजामिन फ्रँकलिनचं नाव सांगतो. वॉशिंग्टनला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, त्यामुळे खालच्या पिढ्यांचा शोध तिथेच खुंटतो. हॅमिल्टनचं जन्मवर्ष १७५५ की १७५७ यावरच अजून वाद आहे. नवख्याने त्यात पडू नये. फ्रँकलिनच्या घराण्यात मात्र या कामातल्या सगळ्या खाचाखोचा एकाच ठिकाणी भेटतात. बापाची दोन लग्नं आणि १७ मुलं, नोंदच नसलेला विवाह, विवाहबाह्य मुलगा, मध्येच बदललेलं कॅलेंडर, आणि चुकीचं साल कोरलेला कबरीचा दगड. हे तपासायला लागणारी बहुतेक कागदपत्रं घरबसल्या फुकट वाचता येतात. शिवाय या घराण्याचा पहिला संशोधक खुद्द फ्रँकलिनच होता. त्याच्या मागोमाग जायचं आणि तो जिथे घसरला तिथे त्याला पकडायचं, एवढं जमलं तरी या विद्येचा श्रीगणेशा नीट झाला म्हणायचा.

आधी वही आखा

'फ्रँकलिनची वंशावळ' हा प्रश्न नव्हे, तो नुसता विषय झाला. प्रश्न असा हवा: त्याचे आजी-आजोबा चारही बाजूंनी कोण होते? त्याच्यानंतर वंश कोणातून पुढे गेला? सुरुवातीला वर दोन पिढ्या, खाली दोन पिढ्या आणि सगळी सख्खी-सावत्र भावंडं एवढ्यावर थांबा. भावंडं गाळायची नाहीत. जी माहिती माणसाच्या स्वतःच्या कागदात नसते, ती पुष्कळदा बहिणीच्या पत्रात मिळते.

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने करा: व्यक्ती, घटना, तारीख (कागदावर जशी असेल तशीच), ठिकाण, कोणत्या कागदावरून, आणि तो कागद घटनेनंतर किती काळाने कोणी लिहिला. शेवटचा रकाना भरायचा बहुतेकांना कंटाळा येतो. पण दोन कागद एकमेकांशी भांडायला लागले की निवाडा त्याच रकान्यावरून करावा लागतो.

आत्मचरित्राची पहिली काही पानं, पेन्सिल हातात घेऊन

फ्रँकलिनने आत्मचरित्र लिहायला घेतलं ते १७७१ मध्ये, इंग्लंडमधल्या ट्वायफर्ड गावी, बिशप जोनाथन शिप्ली यांच्या घरी पाहुणा असताना. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. मजकूर मुलाला, विल्यमला, लिहिलेल्या पत्राच्या रूपात सुरू होतो आणि सुरुवातीलाच पूर्वजांची हकिगत येते. पूर्वजांचे बारीकसारीक किस्से जमवण्यात मला नेहमीच आनंद वाटत आला, असं तो पहिल्याच परिच्छेदात सांगतो.

ही पानं गोष्ट म्हणून वाचू नका. प्रत्येक विधान सुटं करून वहीत घ्या. घराणं नॉर्थम्प्टनशरमधल्या एक्टन गावात तीनशे वर्षं होतं. सुमारे ३० एकरांची स्वतःच्या मालकीची जमीन होती. लोहारकी पिढीजात, आणि थोरल्या मुलाला तीच शिकवायची असा रिवाज. गावच्या चर्चची नोंदवही १५५५ पासूनची. आपण पाच पिढ्यांपासून धाकट्या मुलाचा धाकटा मुलगा. आजोबा थॉमस १५९८ मध्ये जन्मले आणि म्हातारपणी बॅनबरीला मुलाकडे राहायला गेले. त्यांचे चार मुलगे मोठे झाले: थॉमस, जॉन, बेंजामिन आणि जोसाया. यातला जोसाया हा आपल्या फ्रँकलिनचा बाप. बाप बायको आणि तीन मुलांसह न्यू इंग्लंडला गेला, साधारण १६८२ मध्ये.

यातलं प्रत्येक वाक्य सध्या फक्त दावा आहे. जोसायाचं स्थलांतर आज १६८३ सालचं धरलं जातं. म्हणजे बापाने देश सोडल्याचं सालही मुलाच्या लेखणीतून वर्षभराने मागे गेलं. आठवणीवर लिहिणाऱ्याचं असंच होतं, त्यात त्याचा दोष नाही.

आवृत्तीबद्दलही थोडं सांगायला हवं. नातू विल्यम टेंपल फ्रँकलिन याने आजोबांचं लेखन १८१७-१८ मध्ये छापलं, पण आत्मचरित्रासाठी त्याच्याकडे मूळ हस्तलिखित नव्हतं, नक्कल होती. मूळ हस्तलिखितावरून पहिली आवृत्ती जॉन बिगेलोने १८६८ मध्ये काढली. ते हस्तलिखित आज कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनो इथे हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. तेव्हा जुनी पुस्तकं फुकट वाचायला देणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावरून आवृत्ती उतरवून घेताना ती मूळ प्रतीवरून केली आहे ना, हे प्रस्तावनेत पाहून घ्या.

पत्रं: इथे वेळ द्या

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'फाउंडर्स ऑनलाइन' नावाचं संकेतस्थळ आहे. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. फ्रँकलिनचा पत्रव्यवहार तिथे आहे, आणि त्याचबरोबर येल विद्यापीठाच्या संपादकांच्या टिपाही. हा संपादन प्रकल्प १९५४ मध्ये सुरू झाला आणि पहिला खंड १९५९ मध्ये निघाला. त्या पहिल्या खंडात घराण्याची तक्ते काढलेली वंशावळ आहे. तिच्यात प्रत्येक व्यक्तीला खूणक्रमांक दिलेला आहे. उदाहरणार्थ, धाकटी बहीण जेन म्हणजे 'सी-१७', कारण ती जोसायाचं सतरावं अपत्य. पुढच्या खंडांत कुठल्याशा भाच्याचं नाव आलं की टिपेत हाच क्रमांक असतो. तेव्हा ही वंशावळ आधी उघडून ठेवा. चार सॅम्युएल आणि तीन थॉमस एकमेकांत मिसळायला लागले की तिचाच आधार असतो.

शोधताना नुसतं फ्रँकलिन हे नाव टाकलंत तर हजारो निकाल अंगावर येतील. त्यापेक्षा गावाचं नाव इंग्रजीत टाका, 'Ecton', आणि डावीकडे लेखक व कालखंड ठरवून घ्या. लगेच ६ सप्टेंबर १७५८ चं पत्र सापडेल, लंडनहून बायको डेबराला लिहिलेलं. माझ्या मते वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र एकदा तरी पूर्ण वाचावं.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये फ्रँकलिन मुलाला घेऊन बापजाद्यांच्या मुलखात गेला. आधी वेलिंगबरोला चुलतबहीण मेरी फिशरला भेटला. ही थोरल्या काकाची, थॉमसची, मुलगी. तिथून एक्टन. जुनं दगडी घर पाहिलं, ते तेव्हाच परक्याच्या हातात गेलं होतं. मग चर्चच्या रेक्टरकडे, म्हणजे गावच्या पाद्र्याकडे. रेक्टरने नोंदवही काढून दाखवली, तिच्यात घराण्याचे जन्म, विवाह आणि दफनं दोनशे वर्षं मागेपर्यंत होती. रेक्टरची बायको बोलघेवडी म्हातारी, गावचा जुना आर्चडीकन (चर्चमधला वरिष्ठ अधिकारी) पामर याची नात. तिला काका थॉमसच्या कितीतरी गोष्टी ठाऊक होत्या. तिने त्यांना कबरस्तानात नेलं. दगडांवर शेवाळ इतकं साचलं होतं की अक्षरं लागत नव्हती. तिने ब्रश आणि पाण्याचं भांडं मागवलं, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने त्यावरचा मजकूर उतरवून घेतला.

जिवंत नातेवाईक, नोंदवही, गावातली जुनी माणसं, कबरी. चारही साधनं, आणि तीही योग्य क्रमाने. आजही हाच क्रम धरायचा.

आता पत्रातला तो पीटर. तो फ्रँकलिनचा गुलाम होता, १७५७ मध्ये त्याच्याबरोबर लंडनला आला होता. ज्या घराण्याच्या दोनशे वर्षांच्या नोंदी रेक्टरच्या कपाटात होत्या, त्या घराण्याचे दगड घासणाऱ्याचं आडनावही आपल्याला मिळत नाही. १७५७ च्या मृत्युपत्रात फ्रँकलिनने लिहून ठेवलं होतं की आपल्या पश्चात पीटर आणि त्याची बायको जेमायमा यांना मुक्त करावं. अशा माणसांचा माग काढायचा तो मालकाच्या पत्रांतून, हिशेबांतून आणि मृत्युपत्रांतूनच. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. पुढे १७८७ मध्ये फ्रँकलिन पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, पण म्हणून हे पान गाळून चालत नाही.

आणखी एक पत्र शोधा: २६ मे १७३९ चं, बापाने मुलाला लिहिलेलं. फ्रँकलिनने घराण्याच्या मुळाबद्दल विचारलं होतं. जोसाया उत्तर देतो की याबाबत मतं निरनिराळी आहेत. काका बेंजामिनने कुलचिन्हांच्या जाणकाराकडे चौकशी केली, तर त्याने दोन निरनिराळ्या फ्रँकलिन घराण्यांची दोन निरनिराळी चिन्हं सांगितली. पण आपली परिस्थितीच अशी की मनाला घटकाभर गुदगुल्या होण्यापलीकडे या गोष्टींत लक्ष घालण्यात अर्थ नव्हता, असं म्हातारा लिहून मोकळा होतो. इंटरनेटवर 'तुमच्या घराण्याचं कुलचिन्ह' म्हणून कप आणि टी-शर्ट विकणारे भेटतील, तेव्हा साबण-मेणबत्त्या करणाऱ्या या जोसायाची आठवण ठेवा. कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं.

तारखांचा घोळ

इथे नवशिके हमखास अडकतात, म्हणून जरा सावकाश घेऊ.

इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ मध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर आलं. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्यामुळे जुन्या तारखेत दोन भानगडी असतात. दिवस वेगळा: सतराव्या शतकात १० दिवसांचा फरक, १७०० च्या फेब्रुवारीनंतर ११ दिवसांचा. आणि जानेवारी ते २४ मार्चच्या दरम्यानची घटना असेल तर वर्षही वेगळं.

फ्रँकलिनचा जन्म बोस्टनच्या मिल्क स्ट्रीटवर झाला, जुन्या गणतीने ६ जानेवारी १७०५, नव्या गणतीने १७ जानेवारी १७०६. तो रविवार होता आणि त्याच दिवशी ओल्ड साउथ चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. अशी तारीख वहीत '६ जानेवारी १७०५/६' अशी तिरकी रेघ देऊन लिहायची आणि खाली नवी तारीख द्यायची. मूळ तारीख खोडून नवी लिहू नका. कोणत्या कागदावर कोणती होती हे नंतर कळत नाही.

आता गंमत पाहा. काका थॉमस ६ जानेवारी १७०२ ला वारला, माझ्या जन्माआधी बरोबर चार वर्षं, असं फ्रँकलिन लिहितो. त्याचा जन्म १७०५/६ चा. चार वर्षांचा हिशेब जुळायचा तर काकाचा मृत्यू १७०१/२ मधला हवा. म्हणजे इथे तो दिवस जुन्या कॅलेंडरचा देतो, पण वर्ष जानेवारीपासून मोजतो.

आणि बापाच्या बाबतीत? बोस्टनच्या ग्रॅनरी कबरस्तानात आई-बापाच्या कबरीवर त्याने संगमरवरी शिळा बसवली. जोसाया आणि अबाया इथे विसावले आहेत, ५५ वर्षं त्यांनी प्रेमाने संसार केला, असा मजकूर. पुढे बापाचा जन्म १६५५, मृत्यू १७४४, वय ८९. जोसाया वारला तो १६ जानेवारी १७४४/५ ला, म्हणजे आपल्या हिशेबाने १७४५ मध्ये. इथे त्याच माणसाने वर्ष मार्चपासून मोजलं. ही चूक नव्हे, पद्धत आहे. फक्त एकाच लेखणीतून दोन्ही पद्धती बाहेर पडतात हे लक्षात ठेवायचं.

जन्मसाल मात्र सरळ चुकलेलं आहे. जोसायाचा जन्म २३ डिसेंबर १६५७ चा. म्हणजे मरताना वय ८९ नव्हे, ८७. घराण्याचा पहिला संशोधक म्हणावा अशा माणसाने बापाच्या दगडावर दोन वर्षं जास्त लावली. दगडावर कोरलेलं आहे म्हणून लोक डोळे मिटून उतरवून घेतात आणि इंटरनेटवरच्या शेकडो वंशवृक्षांत आजही १६५५ दिसतं. दगड हा मुलाने बापाच्या जन्मानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी बसवलेला; सहावा रकाना इथे कामाला येतो. शिवजयंतीच्या वादात शके १५४९ की १५५१ हा प्रश्न जेधे शकावलीसारख्या साधनाने जसा निकालाकडे नेला, तसाच हा प्रकार: किती जणांनी लिहिलंय ते मोजायचं नाही, कोणाला कुठून कळलं ते पाहायचं. आज ग्रॅनरीत जो उंच स्तंभ दिसतो तो तर १८२७ चा. मूळ शिळा झिजली म्हणून मजकूर त्यावर नव्याने घेतला. फोटो लावताना 'मूळ कबर' असं लिहू नका.

मजकुरातला एक आकडा मात्र तपासून पाहा, तो पक्का निघतो. जोसायाची पहिली बायको अ‍ॅन १६८९ च्या जुलैत वारली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने अबाया फोल्जरशी लग्न केलं. नोव्हेंबर १६८९ ते जानेवारी १७४५, बरोबर ५५ वर्षं. एका कागदातली एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळा कागद टाकून द्यायचा नसतो.

चर्चच्या नोंदवह्या

इंग्लंडमध्ये पॅरिशनिहाय, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे, नोंदी ठेवायचा हुकूम थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला, पण कितीतरी गावांतल्या सुरुवातीच्या वह्या उरल्या नाहीत. त्यामुळे १५५० च्या मागे जाणारी सामान्य शेतकऱ्याची किंवा लोहाराची वंशावळ दिसली की आधी संशय घ्या. फ्रँकलिनलाही एक्टनमध्ये १५५५ च्या मागचं काही मिळालं नव्हतं. 'तीनशे वर्षं' हा घरात चालत आलेला आकडा आहे. नोंदवहीने त्याला दोनशे वर्षांचीच साक्ष दिली.

नॉर्थम्प्टनशरच्या जुन्या वह्या आता जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात. घरबसल्या पाहायचं तर 'फॅमिलीसर्च'वर मोफत खातं उघडा. तिथे नुसत्या नावाच्या शोधावर विसंबू नका, ती सूची स्वयंसेवकांनी आणि यंत्रांनी वाचून केलेली असते आणि सोळाव्या शतकातलं अक्षर वाचताना भले भले चुकतात. सूचीत सापडलेली नोंद मूळ पानाच्या चित्रात पाहा. कॅमेऱ्याच्या खुणेवर किल्ली दिसली तर ते चित्र घरून उघडत नाही, त्यांच्या केंद्रातून किंवा संलग्न ग्रंथालयातून पाहावं लागतं.

वहीत सहसा बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्माची नसते. दफनाची असते, मृत्यूची नसते. १६४२ नंतरच्या यादवी युद्धाच्या काळात वह्यांत मोठी खिंडारं आहेत. आणि माणूस अधिकृत चर्च सोडून गेला की तो वहीतूनही निसटतो. जोसाया आणि त्याचा भाऊ बेंजामिन हे दोघे काकांच्या पिढीतले बंडखोर. बंदी असलेल्या प्रार्थनासभांना जाणारे. जोसायाने देश सोडला त्यामागे हेच कारण फ्रँकलिन देतो. तेव्हा बॅनबरीच्या चर्चमध्ये एखादी नोंद नाही मिळाली, तर 'घटना घडलीच नाही' असं समजू नका.

बोस्टनच्या बाजूला काम सोपं आहे. शहराने १६९९ पर्यंतचे जन्म, बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू १८८३ मध्ये, आणि १७०० ते १८०० चे जन्म १८९४ मध्ये पुस्तकरूपाने छापले. दोन्ही इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. जोसायाची पोरं त्यात एकेक करून टिपा: अ‍ॅनची सात, अबायाची दहा. बापाच्या टेबलाभोवती एका वेळी तेरा भावंडं बसलेली आठवतात, असं फ्रँकलिन सांगतो. बाकीच्यांत एबनेझर आहे. तो १७०३ मध्ये साबणाच्या पाण्याच्या टबात बुडून गेला, दीड वर्षाचाही नव्हता.

आईकडची बाजू

बहुतेक लोक एक्टनपाशी खूश होऊन थांबतात. खरं तर आईचं घराणं जास्त रंगतदार आहे. अबायाचा बाप पीटर फोल्जर १६३५ मध्ये आपल्या बापाबरोबर इंग्लंडमधल्या नॉरिचहून मॅसॅच्युसेट्सला आला आणि पुढे नँटकेट बेटावर स्थायिक झाला. मोजणीदार, मूळ रहिवाशांच्या भाषेचा दुभाषा, कोर्टाचा कारकून, वेळप्रसंगी सत्तेशी भांडून तुरुंगात गेलेला. त्याने १६७६ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलेल्या कवितेचा उल्लेख फ्रँकलिन अभिमानाने करतो. पीटरची बायको मेरी मॉरिल ही ह्यू पीटर्स नावाच्या पाद्र्याकडे करारबद्ध नोकर होती. पीटरने २० पौंड मोजून तिला करारातून सोडवलं आणि मग लग्न केलं, अशी हकिगत घराण्यात सांगतात. वहीत ती 'परंपरा' या खुणेने लिहा.

नँटकेटसाठी दोन साधनं: मॅसॅच्युसेट्सच्या गावांचे १८५० पर्यंतचे छापील जन्म-विवाह-मृत्यू ग्रंथ, आणि नँटकेटच्या इतिहास संस्थेकडची एलायझा स्टारबक बार्नी हिची वंशनोंद, जी त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येते. बेट लहान, तीच पाच-दहा आडनावं एकमेकांत लग्नं करत राहिलेली, त्यामुळे एक माणूस दोन-तीन वाटांनी नातेवाईक निघतो. स्त्रीहक्कांसाठी लढणारी लुक्रीशिया मॉट इथलीच, फोल्जरांची वंशज. फोल्जर्स कॉफीचा जेम्स फोल्जरही.

खाली उतरताना

फ्रँकलिन आणि डेबरा रीड यांच्या लग्नाची नोंद शोधत बसू नका. ती नाही. डेबराचा पहिला नवरा जॉन रॉजर्स पळून गेला होता. वेस्ट इंडीजमध्ये मेला अशी वदंता होती, पुरावा नव्हता. द्विभार्या-द्विपतीत्वाला चाबकाचे फटके आणि जन्मठेप अशी शिक्षा असताना चर्चमध्ये लग्न कोण लावणार? दोघं १ सप्टेंबर १७३० पासून नवरा-बायको म्हणून राहू लागले. पुरावा म्हणजे आत्मचरित्र, पत्रं, मृत्युपत्र आणि फिलाडेल्फियातल्या क्राइस्ट चर्च कबरस्तानात दोघांच्या नावाची एकच शिळा.

मुलं तीन. विल्यम, साधारण १७३०-३१ चा, विवाहबाह्य. आई कोण ते आजवर सिद्ध झालेलं नाही. डेबराचं नाव तिथे लिहू नका, कितीही वंशवृक्षांत दिसलं तरी. जागा कोरी ठेवणं हेही संशोधनच. फ्रान्सिस फोल्जर १७३२ चा, १७३६ मध्ये देवीने गेला. सारा ऊर्फ सॅली १७४३ ची. तिने १७६७ मध्ये रिचर्ड बीचशी लग्न केलं. विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर, क्रांतीत राजाच्या बाजूने राहिला. त्याचा मुलगा टेंपल, म्हणजे आत्मचरित्र छापणारा तो नातू, हाही विवाहबाह्य. फ्रँकलिन आडनावाची पुरुष-शाखा पुढे चालली नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा: 'माझं आडनाव फ्रँकलिन, म्हणजे मी बेंजामिनचा वंशज' असं म्हणणाऱ्याचा दावा त्या आडनावामुळेच कच्चा ठरतो. वंश चालला तो मुख्यतः सॅलीच्या मुलांतून, बीच आणि त्यांच्या लेकींच्या सासरच्या आडनावांखाली. तिचा थोरला बेंजामिन फ्रँकलिन बीच, १७६९ चा, फिलाडेल्फियात 'ऑरोरा' वर्तमानपत्र चालवायचा. डीएनएचंही तेच. बापाकडून मुलाला जाणाऱ्या गुणसूत्राची चाचणी इथे थेट लागू होत नाही, भावांच्या शाखांकडे वळावं लागतं. आईकडून येणारा डीएनए पाहायचा तर अबायाच्या बहिणींच्या लेकींच्या लेकींकडे.

पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांवर हिरवं पान हलवून 'हा तुमचा पूर्वज असू शकतो' असं सुचवतात. सूचना म्हणून घ्या, झाडावर चढवू नका.

मृत्युपत्र शेवटी वाचा, पण चुकवू नका

आयुष्याच्या टप्प्यांसाठी वेगळी धावपळ लागत नाही. १७१८ मध्ये बाराव्या वर्षी भाऊ जेम्सच्या छापखान्यात उमेदवारी, १७२९ मध्ये 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट', १७४८ मध्ये धंद्यातून निवृत्ती, लंडनच्या क्रेव्हन स्ट्रीटवरची वर्षं, फ्रान्स, १७ एप्रिल १७९० ला मृत्यू. हे कुठल्याही चांगल्या चरित्रात आहे. दुकानाच्या खतावण्या आणि बराचसा पत्रसंग्रह फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहे. ही संस्था १७४३ मध्ये फ्रँकलिननेच काढली.

१७८८ चं मृत्युपत्र आणि १७८९ ची पुरवणी मात्र वंशावळवाल्यासाठी खजिना आहे. विल्यमला नोव्हा स्कोशियातली जमीन आणि त्याच्याकडे आधीच असलेली पुस्तकं-कागद, एवढंच. युद्धात तो माझ्याविरुद्ध कसा वागला हे जगजाहीर आहे, असं कारणही तिथेच. सॅलीला फ्रान्सच्या राजाचं ४०८ हिरे जडवलेलं चित्र, आणि त्या हिऱ्यांचे दागिने स्वतःला किंवा मुलींना करू नयेत अशी विनंती. बहीण जेनला बोस्टनचं घर. त्यापुढची कलमं अधिक कामाची: भाऊ सॅम्युएल, बहीण अ‍ॅन हॅरिस, भाऊ जेम्स, बहीण सारा, बहीण लिडिया स्कॉट यांची जी मुलं, नातवंडं, पतवंडं माझ्या मृत्यूच्या वेळी हयात असतील त्यांना सारखे वाटून पैसे द्यावेत. म्हणजे १७९० मध्ये कोणत्या शाखा चालू आहेत अशी त्याची समजूत होती, याची यादीच हातात येते. एकेक शाखा घ्या आणि पैसे घ्यायला कोण पुढे आलं ते शोधा.

सुरुवात जेनपासून करा. तिने आपल्या बारा मुलांचे जन्म-मृत्यू स्वतःच्या हाताने एका छोट्या वहीत लिहून ठेवले आणि वहीला 'बुक ऑफ एजेस' असं नाव दिलं. ती वही बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीत आहे. १८४५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकेतली या विषयातली सर्वांत जुनी. फ्रँकलिनची तिला आणि तिची त्याला गेलेली पत्रं फाउंडर्स ऑनलाइनवर समोरासमोर ठेवून वाचा. शुद्धलेखन तिचं तिचं आहे, त्यामुळे शोधखिडकीत शब्द टाकून ती पत्रं सापडत नाहीत. पत्र घेणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या नावाने गाळणी लावा आणि तारखेच्या क्रमाने खाली या.